तंत्रज्ञान हवे, पण वर्गाच्या बदल्यात नको!

मोबाईल हातात आला म्हणजे विद्यापीठच हातात आले, असा नवा मंत्र सध्या राज्यकर्त्यांपासून शिक्षणसम्राटांपर्यंत सगळे जपत आहेत. प्राध्यापकांची रिक्त पदे भरायची नाहीत, वसतिगृहांची दुरुस्ती करायची नाही, शिष्यवृत्ती वेळेवर द्यायची नाही. ऑनलाइन शिक्षणाच्या जाहिराती मात्र पानभर द्यायच्या! तंत्रज्ञानाने उच्च शिक्षण सुधारेल काय, हा प्रश्न म्हणूनच वातानुकूलित सभागृहातल्या चर्चासत्रांवर सोपवून चालणार नाही. अहिल्यानगर शहराला लागून असलेल्या नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत उभे राहून तो विचारला पाहिजे. तिथे तरुण कंत्राटदाराच्या हजेरीपटावर राबतात. आज पहिली पाळी, पुढच्या आठवड्यात रात्रपाळी. खोलीवर परतल्यावर हातात पुस्तक घ्यावे की आडवे व्हावे, हा त्यांच्यापुढचा रोजचा प्रश्न आहे. अशा तरुणाला तंत्रज्ञान काय देणार, यावरच त्याची खरी किंमत ठरेल. बाकी सगळी पोपटपंची आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. आंबेडकरी माणूस तंत्रज्ञानाचा शत्रू असूच शकत नाही. ज्या समाजाच्या कानावर अक्षर पडू नये म्हणून शास्त्रे रचली गेली, त्याला ग्रंथ घराच्या दारात आणून देणारे कोणतेही साधन हवेच आहे. बाबासाहेब १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट ठेवून भारतात परतले, तेव्हा त्यांचे ग्रंथ वेगळ्या जहाजाने येत होते. महायुद्धाच्या धामधुमीत पाणतीर लागून ते जहाज बुडाले. अर्धपोटी राहून जमवलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली! आज तसे ग्रंथ बुडण्याचे कारण नाही. राज्य शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणांचे खंड आज संगणकावर फुकट वाचता येतात. या खंडांची छपाई रखडली म्हणून मुंबई उच्च न्यायालयाला २०२१ मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली, तेव्हाही वाचणाऱ्यांचे वाचन थांबले नव्हते. वकिली व्यवसायातही हेच झाले. एकेकाळी निकालपत्रांचे जाडजूड खंड फक्त श्रीमंत वकिलांच्या कपाटात दिसत. २०२३ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने आपले सुमारे ३४ हजार निकाल सर्वांना मोफत खुले केले. तालुक्याच्या कोर्टात पहिला खटला उभा करणाऱ्या आपल्या पोराला याचे मोल विचारा. आयआयटीतील प्राध्यापकांची व्याख्याने देणारा ‘एनपीटीईएल’ हा प्रकल्प २००३ पासून चालू आहे, तर ‘स्वयम्’ हे केंद्र सरकारचे व्यासपीठ २०१७ पासून. ही सगळी ज्ञानाची भांडारे आहेत आणि ती आपण लुटलीच पाहिजेत.

पण भांडार उघडे असणे आणि शिक्षण मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गावाच्या विहिरीवरची पाटी काढून टाकली, तरी ज्याच्या हाती पोहराही नाही आणि दोरही नाही, तो तहानलेलाच राहतो. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात १८ ते २३ वयोगटाच्या ढोबळ पटनोंदणीचे प्रमाण देशभरात २८.४ टक्के आले. अनुसूचित जातींचे २५.९ आणि अनुसूचित जमातींचे २१.२ टक्के. हे अंतर पुस्तके महाग म्हणून पडलेले नाही. ते भरून काढायला पोहराही लागतो आणि दोरही लागतो: वेळ, पैसा, राहायला जागा आणि शिकवणारा माणूस.

बाबासाहेबांनी हे केव्हाच ओळखले होते. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन करून १९४६ च्या जूनमध्ये त्यांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले, तेव्हा त्यांच्यापुढे असाच पोटासाठी राबणारा तरुण होता. दिवसभर कचेरीत नाहीतर गिरणीत राबणाऱ्याने शिकावे केव्हा? बाबासाहेबांनी उत्तर दिले ते सकाळच्या वर्गांचे. नोकरीवर जाण्यापूर्वी मुलांनी कॉलेज करावे, अशी सोय त्यांनी केली. इथे नीट लक्ष द्या. बाबासाहेबांनी घड्याळ बदलले, पण प्राध्यापक कमी केला नाही. तुम्ही कामगार आहात म्हणून तुम्हाला दुय्यम पदवी, पातळ अभ्यासक्रम, पोस्टाने पाठवलेली चार पाने पुरेत, असे ते म्हणाले नाहीत. विद्यार्थ्याच्या अडचणीप्रमाणे व्यवस्थेने वाकायचे, दर्जाने मात्र वाकायचे नाही, हा सिद्धार्थ महाविद्यालयाचा धडा आहे. तंत्रज्ञानाची कसोटी आम्ही त्याच धड्यावरून लावतो. ते आमच्या पाळीप्रमाणे घड्याळ बदलत असेल, तर त्याचे स्वागत. घड्याळाचे निमित्त करून ते गुरुजींनाच घरी पाठवत असेल, तर तो डाव आम्हाला मान्य नाही.

नगरच्या मातीतलेही एक उदाहरण आहे. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फॅरार यांच्या मुलींच्या शाळा जोतीरावांनी याच नगरमध्ये पाहिल्या आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. पण शाळा काढताना त्यांनी पाटी-पेन्सिल गोळा करून वर्ग उघडला म्हणून भागले नाही. त्यांनी सावित्रीबाईंना शिक्षिका म्हणून घडवले. त्यांच्या या प्रशिक्षणाचे नातेही फॅरारबाईंच्या नगरच्या शाळेशी सांगितले जाते. महाराष्ट्रातल्या बहुजनांच्या शिक्षणाचा आरंभ शिक्षक घडवण्यापासून झाला आहे, हे तंत्रज्ञानाचे ढोल पिटणाऱ्यांनी विसरू नये.

दूरशिक्षणाचा अनुभव काय सांगतो? नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये सुरू झाले. पहिले कुलगुरू राम ताकवले यांच्या काळापासून या विद्यापीठाने शाळा सुटलेल्यांना, नोकरदारांना, चूल सांभाळणाऱ्या आयाबहिणींना पदवीचा रस्ता दाखवला. बारावीही न झालेल्यांसाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम ठेवला. हे काम लहान नाही. आपल्या वस्त्यांमधले कितीतरी शिपाई, पोलीस, अंगणवाडी सेविका याच वाटेने पदवीधर झाल्या. पण त्या वाटेचे मर्म कुठे होते? घरी आलेल्या पुस्तकाच्या जोडीला अभ्यासकेंद्र होते, रविवारी भेटणारा समंत्रक होता, शंका विचारता येत होती. जिथे समंत्रकाने मनापासून शिकवले, तिथे माणसे उभी राहिली. जिथे अभ्यासकेंद्र म्हणजे फी भरण्याची आणि परीक्षेचा अर्ज घेण्याची खिडकी झाली, तिथे कागद मिळाला, शिक्षण नाही. दूरशिक्षण म्हणजे शिक्षकापासून दूर नव्हे, हे ज्यांना कळले त्यांनाच ते साधले.

यंत्र आणून शिक्षण सुधारण्याची घोषणाही काही आजची नाही. १९८४ च्या १५ ऑगस्टला विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्यक्रम दूरदर्शनवर सुरू झाले. देशभर एकच वर्ग भरणार, असे सांगितले गेले. २००४ च्या सप्टेंबरमध्ये शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ उपग्रह आकाशात गेला, तेव्हाही खेड्यातले कॉलेज आता शहराच्या बरोबरीला येणार असे सांगितले गेले. खेड्यातल्या कॉलेजात रिकामी राहिलेली प्राध्यापकाची खुर्ची उपग्रहाने भरली काय? परदेशातही वेगळे घडले नाही. हार्वर्ड आणि एमआयटी या नामवंत संस्थांनी जगाला खुल्या केलेल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची सहा वर्षांची आकडेवारी २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक अभ्यासक्रमात शिरलेच नव्हते. २०१७-१८ या वर्षी अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होते. त्याच वर्षी पैसे मोजून प्रमाणपत्रासाठी बसलेल्यांत मात्र ते ४६ टक्के होते. म्हणजे ज्याच्याजवळ आधीच काही आहे, त्यालाच ही गाडी पुढे नेते. ज्याच्या घरात पहिल्यांदाच कुणी कॉलेजात जात आहे, त्याला आपले काय चुकते आहे हेच कळत नाही, मग तो पडद्याला काय विचारणार? समोर बसलेल्याच्या चेहऱ्यावरून त्याला समजले की नाही हे ओळखतो तो शिक्षक. ही नजर अजून कोणत्या यंत्राला आलेली नाही.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि देशाची परीक्षाच झाली. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीनुसार देशातल्या फक्त १०.७ टक्के घरांत संगणक होता. इंटरनेटची सोय २३.८ टक्के घरांत होती. ग्रामीण भागात संगणक ४.४ टक्के घरांत आणि इंटरनेट १४.९ टक्के घरांत. हे आकडे सरकारच्या दप्तरात होते. तरीही सगळे वर्ग पडद्यावर गेले. घरात एकच मोबाईल, तो बापाबरोबर कामावर. तीन भावंडांचे तास एकाच वेळी. अशा घरातल्या मुलीचा नंबर सगळ्यात शेवटी लागला, हे सांगायला पाहणी लागत नाही. टाळेबंदीनंतर मोबाईल घरोघर पोहोचले, हे खरे. पण बोटभर पडद्यावर व्हिडिओ पाहणे वेगळे आणि त्यावर पन्नास पानांचा प्रकरण-अभ्यास लिहिणे वेगळे. फरक आता मोबाईल असण्या-नसण्याचा उरलेला नाही. तो संगणक, स्वतंत्र जागा आणि शांतता असण्या-नसण्याचा झाला आहे.

शिकवण्याचे सोडा, साधे पेपर तपासण्याचे काय झाले? मुंबई विद्यापीठाने २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा घाट घातला. पुरेशी तयारी नाही, प्राध्यापकांना प्रशिक्षण नाही, काम खासगी कंपनीकडे. निकाल महिनोन्‌महिने रखडले. वाणिज्य आणि विधी शाखेच्या विद्यार्थ्यांचे हाल तर विचारू नका. कित्येकांचे पुढचे प्रवेश हुकले. अखेर २४ ऑक्टोबर २०१७ रोजी राज्यपालांना कुलगुरूंना पदावरून दूर करावे लागले. ज्याच्या घरी पैसा होता त्याने एक वर्ष थांबून पाहिले. कर्ज काढून शिकणाऱ्याचे वर्ष कुणी भरून दिले? यंत्र चुकले तर जबाबदार कोण, हे आधी ठरवल्याशिवाय यंत्र आणायचे नाही, हा या प्रकरणाचा धडा आहे.

आता सर्वांत गंभीर मुद्दा. पूर्वी आपल्या मुलाला कॉलेजच्या दारात कारकून अडवत असे. आता संगणकाची खिडकी अडवते. कारकुनाशी भांडता तरी येत होते. २०२१ मध्ये एका दलित विद्यार्थ्याला आयआयटी मुंबईत जागा मिळाली. प्रवेश शुल्क ऑनलाइन भरण्याचे त्याचे अनेक प्रयत्न तांत्रिक कारणाने फसले आणि मुदत टळली. उच्च न्यायालयात दाद मिळाली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर २०२१ रोजी घटनेच्या कलम १४२ खालील अधिकार वापरून त्याला जागा देण्याचा आदेश दिला. तीन वर्षांनी तीच गोष्ट पुन्हा घडली. उत्तर प्रदेशातल्या एका रोजंदारी मजुराच्या दलित मुलाला आयआयटी धनबादमध्ये जागा मिळाली. १७,५०० रुपये जमवता जमवता २४ जून २०२४ ची सायंकाळी पाचची वेळ गाठता आली नाही. संगणकाने खिडकी बंद केली! ३० सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यालाही प्रवेश द्यायला लावला. दोन मुले दिल्लीच्या न्यायालयापर्यंत पोहोचली म्हणून देशाला कळली. जी पोहोचलीच नाहीत, त्यांचा हिशेब कोणाकडे आहे?

महाराष्ट्रात तर हा दरवर्षीचा छळ झाला आहे. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालत आली आहे. तिच्यामागे बाबासाहेबांचे कष्ट आहेत. २०२० च्या डिसेंबरमध्ये केंद्राने ६० टक्के आणि राज्याने ४० टक्के वाटा उचलायचे ठरले आणि पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होऊ लागले. मधला दलाल गेला, हे चांगलेच झाले. पण ‘महाडीबीटी’ या संकेतस्थळावर २०१७ पासून जो प्रकार चालू आहे, तो आमच्याकडे येणाऱ्या पालकांच्या तोंडून ऐकावा. आधार जोडलेले नाही, उत्पन्नाचा दाखला दिसत नाही, जात पडताळणीची पावती चढत नाही, कॉलेजच्या पातळीवर अर्ज पडून आहे. पैसे येत नाहीत आणि तोवर कॉलेज फीसाठी तगादा लावते, गुणपत्रिका अडवते. विचारायला गेले की उत्तर एकच, “सिस्टीममध्ये नाही.” ही सिस्टीम म्हणजे कोण? तिचे नाव काय? तिच्यावर दावा कुणाच्या नावाने लावायचा?

कायद्याने आपण निराधार नाही, हे मात्र पक्के ध्यानात ठेवा. केरळमधील एका कॉलेजच्या वसतिगृहाने मुलींना संध्याकाळी ठरावीक तास मोबाईल जमा करण्याची सक्ती केली. ती नाकारणाऱ्या मुलीला वसतिगृहातून काढले. १९ सप्टेंबर २०१९ रोजी केरळ उच्च न्यायालयाने निकाल दिला की, इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे. दुर्बल घटकांच्या, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींच्या शैक्षणिक हिताची जपणूक करावी, असे घटनेचे कलम ४६ राज्याला सांगते. तेव्हा इंटरनेट हा हक्क असेल, तर ते पुरवणे ही राज्याची जबाबदारी ठरते. आणि संकेतस्थळ बंद पडले तर त्याचा भुर्दंड मुलाने का सोसावा?

आणखी एक धोका डोळ्यांआड करू नये. अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी अभ्यासक्रमाची ४० टक्क्यांपर्यंतची श्रेयांके ‘स्वयम्’वरून मिळवण्याची मुभा दिली. २०१६ मध्ये ही मर्यादा २० टक्के होती. विद्यार्थ्याला जास्त पर्याय मिळत असतील तर हरकत नाही. पण ज्या कॉलेजात निम्मे प्राध्यापक तासिका तत्त्वावर राबवले जातात, तिथे संस्थाचालक याचा अर्थ काय लावतील? विषय पडद्यावरून शिकवला की पद भरायला नको. पद भरले नाही की आरक्षण लावायला नको. पडद्याला बिंदुनामावली लागू होत नाही! नेट-सेट, पीएच.डी. झालेले आपले शेकडो तरुण आधीच बेकार आहेत. तंत्रज्ञानाच्या नावाखाली राखीव पदांचीच विल्हेवाट लागणार असेल, तर हा चर्चेचा नव्हे, लढ्याचा विषय आहे.

शिवाय कॉलेज म्हणजे फक्त व्याख्यान नव्हे. छत्रपती संभाजीनगरच्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरातून दलित साहित्याला ‘अस्मितादर्श’सारखे व्यासपीठ मिळाले. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिच्या पोरांना वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहाने आसरा आणि वादविवाद दोन्ही दिले. शिकलेली मुले एकत्र आली की प्रश्न विचारतात, संघटित होतात. प्रत्येकाला आपापल्या खोलीत, आपापल्या पडद्यापुढे बसवले की पदवी मिळेल, पण चळवळ मिळणार नाही. ‘शिका’ आणि ‘संघटित व्हा’ हे बाबासाहेबांनी शेजारी शेजारी सांगितले, ते उगाच नव्हे.

आजकाल विचारेल त्याचे उत्तर मराठीत देणारी यंत्रेही आली आहेत. वापरा, जरूर वापरा. पण उलटतपासणी घेतल्याशिवाय कोर्टात कुणाच्या साक्षीवर विसंबता येत नाही. यंत्राचीही उलटतपासणी घ्यावी लागते आणि ती घ्यायला शिकवणारा गुरू अजून माणूसच आहे.

मग करायचे काय? सरकारकडे आपल्या मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. प्रवेश आणि शिष्यवृत्तीच्या प्रत्येक ऑनलाइन अर्जाला हाताने अर्ज देण्याचा पर्याय हवा. संकेतस्थळ जितके तास बंद, तितकी मुदत आपोआप वाढली पाहिजे. अर्ज नाकारला तर नाकारणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव आणि कारण लेखी मिळाले पाहिजे. ऑनलाइन अभ्यासक्रमाचे निमित्त करून एकही राखीव पद गोठवले जाऊ नये. आणि औद्योगिक वसाहतीला लागून, पाळीची वेळ पाहून चालणारे, संगणक आणि शिक्षक दोन्ही असणारे अभ्यासकेंद्र झाले पाहिजे. नागापूरला ते आधी झाले पाहिजे.

पण सरकारच्या तोंडाकडे बघत बसण्याची आपली परंपरा नाही. आपल्या बुद्धविहारांतून आणि समाजमंदिरांतून वर्षातले किती दिवस पुस्तक उघडले जाते, हा प्रश्न ज्याने त्याने आपापल्या वस्तीत विचारावा. जयंतीच्या वर्गणीतून एक डीजे कमी केला, तर दोन संगणक आणि वर्षभराचे इंटरनेट सहज येते. वस्तीतला निवृत्त शिक्षक, नोकरीवरचा पदवीधर, कोर्टातला वकील यांनी आठवड्यातली एक संध्याकाळ द्यावी. अर्ज भरताना मुलांच्या शेजारी बसावे. संकेतस्थळ अडले की पडद्याचा फोटो काढावा, तारीख-वेळ लिहावी, त्याच दिवशी कॉलेज आणि समाजकल्याण कार्यालयाला लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. पोच नसलेली तक्रार कोर्टात उभी राहत नाही. उत्तर आले नाही, तर माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा आहेच. एवढे पाच कागद जपले, तर पुढच्या मुलाला दिल्लीपर्यंत जावे लागणार नाही.

तंत्रज्ञान हे शस्त्र आहे. ते कुणाच्या हातात आहे आणि कशाच्या बदल्यात दिले जात आहे, हे पाहिल्याशिवाय त्याची आरती ओवाळू नये. आमच्या मुलांना संगणक द्या, इंटरनेट द्या, जगातली सगळी ग्रंथालये द्या. पण त्याबरोबर वर्ग, वसतिगृह, शिष्यवृत्ती आणि शिकवणारा माणूसही द्या. यांपैकी एक देऊन दुसरे काढून घेणार असाल, तर तो व्यवहार आम्हाला मंजूर नाही.